मोगऱ्याचा भाव

लहानपणी धामणगावात एक फुलवाली यायची. "मोगरा घ्या वं बाई" ही तिची हाक ओवीसारखी गल्लीभर लांबत जायची. परवा अमरावतीत, डोळ्यांच्या दवाखान्यात, तोच सूर मागच्या बाकावरून कानी आला. एक म्हातारी नवऱ्याशी बोलत होती.

"मनोजचा फोन आला व्हता. घर इकून अकोल्याले फ्लॅटात कवा येता, इचारून राहिला."

"मंग काय सांगतलं?"

"सांगतलं, गिऱ्हाईक येते अन् पाहून जाते."

"तो तं म्हणे, बाग हाये म्हणून भाव चांगला येईन."

"बाग कायची? चार मोगरे, एक जास्वंद अन् तुमचा कढीपत्ता."

"तेवढ्यावरच भुलते लोक. तिवशाचा तो मास्तर तं मोगऱ्यापाशीच बसला. मांगान तेवढा भाव देतो म्हणे. मंग पुन्हा फिरकला काहून नाही?"

"मले काय माहीत?"

"तू त्याले चाय द्यायले गेलती."

"चायच देली."

"शकुन, खरं सांग. आता आपला नंबर येईन. डाक्टरसमोर सांगशीन का?"

"मी म्हटलं त्याले, मोगऱ्याखाली नाग राहते. बसा आरामात, पण पाय वर घ्या."

"सगळ्याच गिऱ्हाईकायले हेच सांगतलं?"

"सगळ्यायले. मले नाही सोडवत तो मोगरा. रागावले का?"

"रागावू कायले? जाताना गेटापाशी ते मलेच इचारते, खरंच नाग हाये का म्हणून."

"अन् तुमी काय सांगता?"

"मी सांगतो, एक नाही, जोडी हाये."