ढोलीतलं सिमेंट

नाही. ती हातोडी आधी खाली ठेव. झाडाला हात लाव, कवेत घे, फोटो काढ — ठोकून बघायचं नाही. माझ्या अंगणातलं झाड मला विचारल्याशिवाय कुणी ठोकत नाही. झाड तपासायचा गावाचा कागद आहे म्हणतेस — असेल. मी सहावीपर्यंत शाळा शिकलो, पण झाड मी तुझ्या कागदाच्या आधीपासून वाचतोय. बस त्या पायरीवर. तू एमॉस पर्विसची नात ना, डेल्फीन? नाक तसंच आहे. तुझा आजा खाली उभा राहून माझा दोर धरायचा. एकवीस वर्षं. मी वर, तो खाली — एकदाही दोर सुटला नाही. आणि आज त्याची नात माझ्या दारात हातोडी घेऊन. बघ म्हणावं, एमॉस.

तक्रार कुणी केली? सांगू नकोस, मला ठाऊक आहे. तो पलीकडचा, अटलांटाचा. खाजण दिसावं म्हणून घर घेतलं आणि आता म्हणतो झाडं आड येतात. परवा कुंपणापाशी उभा राहून मला म्हणतो, "मिस्टर ईनक, हे झाड तुमच्या घरावर कललंय." म्हटलं, बाबा, ते तुझ्या बापाच्या आधीपासून कललेलं आहे. ओक आहे हा. समुद्राचा वारा खातो, खारं पाणी पितो, तिघांनी हात धरले तर कवेत येतो. त्या खालच्या फांद्या टेकल्यात जमिनीला — त्या तोडायच्या नसतात, म्हातारा काठी टेकतो तशा त्या टेकलेल्या. बुंध्याभोवती मी कधी गाडी उभी करू दिली नाही. माती वर चढू दिली नाही. पानं झाडत नाही, तिथंच कुजू देतो. फांद्यांवर उगवणारी ती करडी दाढीसुद्धा ओढत नाही — लोक ओढतात, वाटतं ती झाडाला खाते. खात नाही. नुसती लोंबते. या गावात असं झाड राखणारा दुसरा दाखव.

कुठं बघतेस? बुंध्याशी? अळंबी आहे ती. आज उगवली असेल. काल नव्हती — काल मी काढली. तर काय झालं — अंगणात घाण नको म्हणून काढतो. रोज उठून काढतो. अंगण आहे, स्वच्छ ठेवायला नको? बुंध्याची अळंबी म्हणजे आत कूज, हे मला शिकवू नकोस. मी तुझ्या आज्याला शिकवलंय ते.

बरं. ढोली होती. एकाहत्तर साली होती. माझा हात कोपरापर्यंत आत जायचा. तेव्हा ढोली म्हणजे दात किडल्यासारखं — खरवडायची, डांबर फासायचं, आत जाळी ठोकायची आणि सिमेंट भरायचं. आम्ही सगळे तसंच करायचो. पुस्तकातही तसंच होतं, एमॉसनं वाचून दाखवलं होतं. पण माझ्यासारखं काम कुणाचं नव्हतं. बाकीचे सिमेंट भरून गुळगुळीत करून निघून जायचे — झाडाचं थडगं बांधल्यासारखं. मी सिमेंट ओलं असताना थापीच्या टोकानं त्यावर साल कोरायचो. रेघ रेघ. वर रंग. हाताच्या अंतरावरून ओळखू यायचं नाही. बायका बोट लावून बघायच्या. हे बघ, इथं — या फुगवट्याच्या खाली. कळलं का तुला? नाही कळलं. एवढं शिकून नाही कळलं.

त्या टेम्पोत मागे काय आहे? त्या गोणपाटाखाली. मघापासून तू एकदा तिकडे बघतेस आणि एकदा माझ्या हाताकडे. काय आहे हाताला? अंगठा आहे. करवतीनं चिरला होता, एकोणसत्तर साली, मधोमध. टाके नाही घातले, चिकटपट्टी लावून दुसऱ्या झाडावर चढलो.

आण ते इकडे. आण म्हणतो ना.

हं. जड आहे, दोन्ही हातांनी धर. ओडेसा पिंकनीच्या त्या पडलेल्या झाडातलं सिमेंट आहे. मला कसं कळलं? रंगावरून कळलं. तो रंग मी स्वतः घोटायचो. लोक म्हणतात वीज पडली त्या झाडावर. मीही तसंच म्हटलं, चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. वीज कसली — त्या दिवशी पान हलत नव्हतं. भर दुपार, खाजणात ओहोटी, ओडेसा स्वयंपाकघरात ग्रिट्स, मक्याची लापशी, ढवळत उभी, आणि ते झाड न वाऱ्याचं, न पावसाचं, बसलं छपरावर. खुब्याचं हाड मोडलं तिचं. आता ती म्हाताऱ्यांच्या त्या घरात आहे. दर रविवारी माझी चौकशी करते म्हणे — ईनकनं किती जपलं होतं ते झाड, म्हणते. मी गेलो नाही अजून. गुडघा दुखतो. गुडघा दुखतो म्हणून नाही गेलो.

फिरव तो तुकडा. खालची बाजू. हो, हीच. दिसली ना खूण? सगळ्यात शेवटी, खालच्या कोपऱ्यात, मी अंगठा दाबायचो. चिरेसकट उठायचा. लोक चेष्टा करायचे, अंगठेबहाद्दर म्हणायचे. म्हणू देत. सही मला येते, वाकडी येते. पण अंगठ्यासारखी नाही. थांब, बघू दे — घट्ट बसत नाही बघ आता त्यात. अंगठा बारीक झाला. खळगा आहे तेवढाच आहे.

कुणाकुणाला दाखवलंस? कुणालाच नाही? का नाही? आजोबाचा मान म्हणून? एमॉस असता तर त्यानं आधी गावभर दाखवलं असतं आणि मग माझ्याकडे आला असता. तो तसा होता. तू वेगळी आहेस.

सिमेंट हलत नाही, हे चुकलं. झाड वाऱ्यात हलतं, वाढतं, श्वास घेतं — सिमेंट तिथंच. मधे फट पडते. फटीतून पाणी जातं आणि बाहेर यायला वाट नसते. मग आतून भुसा. वरून मात्र साल कोरलेली, रंगवलेली, छान. तुम्ही आता ढोली उघडीच ठेवता, हो ना? ठेवता. वीस वर्षांपूर्वीच ऐकलं मी ते. एक जण व्याख्यान द्यायला आला होता, मी मागच्या बाकावर बसलो होतो. उठून निघून आलो. वाटलं, याला काय कळतंय.

ती खिडकी बघतेस? हो, फांदीच्या बरोबर खाली. व्हर्लीनची खोली आहे ती. माझी बायको. दोन वर्षं झाली, झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्याचा पलंग आहे, आत आणून जोडलेला, तसाच तो दारातून निघत नाही. सोडवावा लागेल. एकट्यानं होत नाही. पुतण्याला बोलावलं तर येईल, पण विचारेल ना — काका, का हलवायचं? ती खोली तर तिला आवडते. मग काय सांगू? गावात तेवीस झाडं अशी आहेत माझी. तेवीस. एक उघडलं की बाकीची उघडली. मग पन्नास वर्षं मी काय केलं? झाडं मारली, असं म्हणतील. वरून रंग लावून. म्हणून मी काय करतो — वारा सुटला की आत जाऊन तिच्या पलंगापाशी खुर्ची टाकून बसतो. दोघंही खाली. म्हणजे पडलं तर — समजलीस तू. हा काही उपाय नाही, मला कळतं. मला नको सांगूस.

ती दिवसभर या झाडाकडे बघत असते. नर्स म्हणते, किती छान, त्यांना झाड आवडतं. आवडत नाही गं. एकाहत्तर साली सिमेंट तिनंच कालवलं होतं. पाणी तिनंच आणलं, त्या नळावरून, पोटुशी असताना. मी साल कोरत होतो आणि ती माझ्या मागे उभी राहून म्हणाली, "ईनक, आत पाणी गेलं तर बाहेर कुठून येणार?" एवढंच. मी म्हटलं, तुला काय कळतंय, बादली ठेव आणि आत जा. ठेवली. गेली. पुन्हा कधी विचारलं नाही. आता तिला बोलता येत नाही आणि ती नुसती बघते. आधी झाडाकडे, मग माझ्याकडे. दोन वर्षं. ती काय विचारते ते मला ऐकू येतं.

दे ती हातोडी. मी म्हटलं ना, कुणी ठोकायचं नाही — मी कुणी नाही, माझं झाड आहे. सरक. वर ठोकतो आधी. ऐक. हे बरं आहे. इथं — हे पण. आता खाली.

ऐकलंस?

हं. मोकळ्या पिंपावर मारल्यासारखं. पुन्हा नको.

लिहून घे. तुझ्या त्या कागदाच्या मागे लिही. आधी कॅली गल्ली, पिवळं घर — त्यांचं लेकरू झाडाच्या बाजूच्या खोलीत झोपतं, खिडकीला चित्रं चिकटवलीत, जाता-येता दिसतं मला. तिथं आजच जा. त्यांना सांग, खोली बदला, मग बाकीचं. मग शाळेमागचं. मग चर्चचं, दक्षिणेकडचं, ज्याखाली लग्नं लागतात. बाकीची उद्या सांगतो, सगळी पाठ आहेत मला. कुणी भरलं विचारलं तर नाव सांग. पूर्ण नाव सांग — ईनक व्हार्नेडो. आणि हा तुकडा घेऊन जा, खूण म्हणून. ओडेसाकडे मात्र नेऊ नकोस. तिला मी सांगीन. रविवारी.

माझं शेवटी लिही. नको, दया नकोय, पलंग हलल्याशिवाय इथं करवत लावता येणार नाही, म्हणून शेवटी. तुझ्या टेम्पोत पाना असेल. मोठा. तो ठेव त्या पायरीवर. नाही, तू आत यायचं नाही. पुतण्याला मी फोन करतो, तो का विचारेल आणि मी सांगेन. पण त्याच्या आधी तिला सांगायचंय. तिला आधी.

बघतेस काय उभी? पिवळं घर म्हटलं ना. जा.