मागच्या जिन्यावरचा बोर्ड

मी बोर्ड रंगवणारा, वय ४६, मला सगळे पेंटर म्हणतात, राहणार कपड्यांच्या कारखान्यामागची गल्ली, तिसरी खोली. पोलीस ठाण्यात येऊन सांगतो की,

सोमवारी सकाळी साडेनऊला मॅनेजरसाहेबांनी मला बोलावले. मागच्या लोखंडी जिन्याची वरून चौथी पायरी निखळली होती. मी दोन फुटी फळीवर लाल रंगात 'जिना तुटला' लिहायला घेतले. साहेबांनी कागद पुढे केला. त्यावर होते: 'सर्व तमाम कामगार बंधू-भगिनींना नम्र विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, काही अपरिहार्य व टाळता न येणाऱ्या कारणास्तव मागील बाजूचा पाठीमागचा जिना तात्पुरता काही काळापुरता वापरण्यास योग्य नाही.'

मी म्हणालो, जेवणाच्या सुट्टीत बाया धावत येतात, एवढे कोण वाचणार? निदान आडवी दोरी बांधा. साहेब म्हणाले, "कंपनीची भाषा आहे. तू शहाणपणा शिकवू नकोस, रंग फास."

मी मुकाट्याने फासला. त्याबद्दल मला स्वतःचाच संताप येतो. 'जिना' हा शब्द पाचव्या ओळीत आला, नखाएवढा.

एक वाजून दहा मिनिटांनी माझी बायको दोन खोकी घेऊन तिथे आली. ती पॅकिंगला होती. वाचता येत होते, पण सावकाश. मागे असलेल्या शिलाईवालीने मला सांगितले, की ती थांबली, पहिली ओळ वाचली आणि हसली. म्हणाली, "आमच्या ह्यांचं अक्षर आहे. काहीतरी विनंती केलीय." मग तिने पाय टाकला.

साहेबांनी अहवालात लिहिले, बोर्ड होता, बाईने निष्काळजीपणा व बेफिकिरी केली. ते ऐकून माझे डोके फिरले. गुरुवारी सकाळी जाऊन मी अख्ख्या बोर्डावर लाल रंगात 'जिना तुटला' लिहिले. त्यानंतर तिथे कोणी पाय टाकलेला नाही.

बोर्ड खराब केल्याची साहेबांची तक्रार आहे. खराब मी केला, हे कबूल. पण गुरुवारी नाही, सोमवारी.

हवालदारांनी जबाब मला वाचून दाखवला. त्यात त्यांनी 'मयत झालेली मृत पत्नी' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. तिथे 'बायको' एवढेच ठेवले आहे. आता बरोबर आहे. सही माझी, माझ्याच अक्षरात.