उठला ना, मग झालं!

...अहो, पण डोकं बाहेरून दिसतं का? खांदा मोडला की हात लोंबतो, कातडी सोलली की रक्त येतं, डोक्याचं काय कळणार? पण नाही! तुम्हाला सांगतो, आमच्या सायकल-शर्यतीच्या धंद्यात सगळी डॉक्टरी एका वाक्यात उरकते... उठला ना? मग झालं!

झालं काय, एप्रिल महिना, बेल्जियमात झोटेगेम गावाच्या अलीकडचा उतार, आम्ही दीडशे जण ताशी सत्तरनं सुटलेले, पुढच्याच्या ढुंगणापलीकडे काही दिसत नाही, आणि रस्त्याच्या मधोमध दुभाजक! तिथं पिवळं निशाण धरून शिट्टी फुंकायला एक आजोबा नेमले होते. होते ना, होते! पलीकडे फ्राइजच्या रांगेत होते! पुढचे दोन्हीकडे फाकले, मी थेट दुभाजकावर. हेल्मेटचा नारळ झाला, दोन भकलं!

उठलो. का उठलो विचारू नका, पंधरा वर्षांची खोड. आधी उठायचं, मग काय मोडलंय ते बघायचं. आमचा मॅनेजर फोन्स गाडीतनं बोंबलतोय, "लोडे, दुसरी सायकल घे, चढ आधी!" शर्यतीचे डॉक्टर धावत आले, भला माणूस, डोळ्यांपुढे बोट नाचवून विचारतात, "सांग बरं, शर्यतीत पुढे कोण आहे?" म्हटलं, "माहीत नाही." डॉक्टरांचा चेहरा पडला. तर फोन्स म्हणतो, "अहो, ते त्याला कधीच माहीत नसतं, तो कायम मागेच असतो!"... आता यात खोटं काय बोलला? डॉक्टर हसले, पाठीला रेटा दिला. उठला ना? मग झालं!

पुढचे चाळीस किलोमीटर मी चालवले म्हणे. म्हणे! आमच्या म्होरक्याला पाण्याच्या बाटल्याही पोचवल्या. फक्त तो म्होरक्या दुसऱ्याच संघाचा होता! शर्यत संपल्यावर त्यांच्याच बसमध्ये शिरलो, अंघोळ केली, त्यांचा पास्ता खाल्ला, आणि त्यांच्या मालीशवाल्या बाईला विचारलं, "हिल्डा, पोरगी झोपली का गं?" हिल्डा म्हणजे माझी बायको! ती बाई शहाणी, तिनं मला थेट इस्पितळात नेलं.

मेंदूला मार. आणि सकाळी पेपरात काय? "पोलादी लोडे!" सासरेबुवा कात्रण नाचवत आले, "बघ हिल्डा, कसा उठला!" हिल्डा म्हणाली, "बाबा, पोलादाला विचारा, आपल्या पोरीचं नाव काय?"

मला येईना हो. नेले तिचं नाव... चार वर्षांची, समोर उभी.

महिन्याभरानं शर्यती भरवणाऱ्यांच्या सुरक्षेच्या बैठकीला गेलो. म्हटलं, "साहेब, पडलेल्याला दहा मिनिटं खाली बसवा, तपासा, मग सोडा." साहेब दचकले, "दहा मिनिटं? शर्यत निघून जाईल!" म्हटलं, "अहो, माणूस निघून जाईल!" ते म्हणाले, "विचार करू." आणि पुढचे दोन तास मोज्यांची उंची किती असावी यावर खल! वर मलाच म्हणतात, तुम्ही उठलात ना? मग झालं!

हिल्डा म्हणाली, बस्स झाल्या शर्यती. मीही म्हटलं, बस्स. फोन्सला फोन लावला, "मी थांबतोय." तर म्हणतो, "थांबतोस कसा? इस्पितळात होतास ना, तेव्हा मंगळवारी दोन वर्षांच्या करारावर सही केलीस की!"

"मी?"

"तूच! चांगला उठून बसला होतास!"

कागद मागवून बघितला. सही माझीच आहे हो... शुद्धीत असताना मला इतकी सुबक कधी जमली नाही.