अण्णांच्या फोनवर येणारा ओटीपी

मंडळी, कट्टा गावच्या बाजारातली दुकानं अर्धी ओढून तुम्ही अण्णांच्या शोकसभेला आलात. काकी आल्यात, मुंबईहून अण्णांचा आणि त्यांचा मुलगा प्रदीप आलाय. या वाचनालयात कोणी बोलायला उभं राहिलं की मागून अण्णा ओरडायचे, "आवाज वाढव रे!" आज मागे कोणी नाही.

वाचनालयातली जुनी पुस्तकं, दशावतारी मंडळींची जुनी कागदपत्रं अण्णांनी पान पान स्कॅन करून ऑनलाइन चढवली. ती उघडायला आधी पासवर्ड, मग ओटीपी. आणि ओटीपी यायचा फक्त अण्णांच्या फोनवर. मुंबईत असा, पुण्यात असा, अण्णांना फोन करा! त्यांना रेंज कुठे? घरापुढच्या खळ्यातल्या रतांब्याच्या झाडाखाली. तिथून आकडे दोनदा ओरडायचे. गुप्त ओटीपी अख्ख्या वाडीला कळायचा. त्याआधी चौकशी, "जेवलंस? आयेक फोन केलंस?" तोवर ओटीपीची मुदत संपायची. मग पुन्हा मागवा, पुन्हा फोन.

मी भांडायचो. "अण्णा, ज्याचो ओटीपी त्याच्या फोनार जांवदे. नायतर अंगठो लावन उघडांदे. सोप्पा आसा."

ते म्हणाले, "सोप्पा झाला तर माका फोन कोण करतलो रे?"

मी हसलो होतो.

अण्णांना पोचवून आलो, त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. दिव्यापाशी त्यांचा फोन ठेवलेला. त्या खोलीत बोलण्याइतकी रेंज कधी नसते, तुम्हाला ठाऊक आहे. फोन वाजला. ओटीपी! काकींनी फोन उचलला आणि दाराकडे बघून आकडे मोठ्यानं वाचले. दोनदा. दारात कोणी नव्हतं. कोणासाठी वाचले? दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी तेच. काकी म्हणाल्या, "ओटीपी तेच मागतत. तेंका थंय वर वाचूक काय तरी पुस्तक होया."

काल प्रदीपनं मला बाजूला घेतलं. "तो मी रे. पडवीत बसान मागवतंय. बाबांका फोन लावलो तर उचलतलो कोण? ओटीपी मागवलो की निदान तेंचो फोन वाजता. आयेक सांगूचो धीर होयना. तूच सांग."

काकी, सांगितलं. रागावू नका त्याच्यावर.

मंडळी, अण्णांचा नंबर काढून टाकायचा, असं कमिटीनं ठरवलं होतं. ते जाहीर करण्यासाठीच मी उठणार होतो. नाही जमत मला. ज्याला हवा त्याला आपल्या फोनवर ओटीपी मिळेल. पण अण्णांचा नंबर राहील, फोन काकींकडे राहील. त्यांना फोन करा. जेवलात का, ते मात्र आधी सांगावं लागेल.

आता अण्णांसाठी दोन मिनिटं उभे राहूया. आपापले फोन बंद करा. अण्णांचा चालू असू दे. आणि काकी, मधेच वाजला तर आकडे वाचा. मोठ्यानं वाचा. मागपर्यंत ऐकू गेले पाहिजेत.