बोला म्हणे, पण बोलू कशात

…आन वर ती दवाखान्यातली वाचा शिकवणारी प्रियंका मला सांगती, "काकू, काकांशी बोलत ऱ्हावा, वाचा सुधरंल." तुमाला सांगते, एकतीस वर्सं मी दुसरं काय केलं हो? बोललेच की. पण आता बोलू कशात?

आमचे हे, सिद्धप्पा, अक्कलकोटकडचे, घरी सगळं कन्नड. मी माळशिरसची. लग्न झाल्यापासून माझ्याशी मराठीच बोलले, भांडले बी मराठीतच, मग मी कन्नड कशाला शिकते? दिवाळीनंतर लकवा मारला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. वाचा आली ती पार चैत्रात, आन आली ती कन्नड… ती बी एकेक शब्द. मराठी पुसलीच. सोलापूरचा मे महिना, आन हे म्हणतात, "शेकी… शेकी…" मला वाटलं, शेक मागतात. मी गरम पाण्याची पिशवी लावली पाठीला. दोन दिवस लावली. डोळ्यांतनं पाणी यायचं, तर मी म्हणायची, बरं वाटत असंल.

प्रियंका दर बुधवारी असल्या पेशंटांना आन घरच्यांना एकत्र बसवती. तितं ठरलं, ज्याला बोलता येतंय त्यानं न येणाऱ्याच्या घरी जायाचं. आमच्याकडं आले मडिवाळप्पा मास्तर, ते बी घरचे कन्नडच, स्वतः डावा पाय ओढत. पिशवी बघितली आन म्हणाले, "वहिनी, शेकी म्हंजे उकाडा. माणूस पंखा मागतोय."

मी पिशवी काढली, पंखा लावला. आन बोलू कशात?

मग आठवड्याला दोनदा मास्तर यायचे. दोघं हसायचे. मी चहा घेऊन दारात उभी. "काय म्हणाले हो?" "ते तुमाला सांगण्यासारखं न्हाय, वहिनी." माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याचं बोलणं मला कळंना. पण हसत होते की. मला बी शब्द शिकवले मास्तरांनी, नानू म्हंजे मी, नीनू म्हंजे तू, ऊटा म्हंजे जेवण, ब्याड म्हंजे नको. श्रावणात त्यांना लेकानं पुण्याला नेलं. म्हातारा माणूस, एकटा किती दिवस ऱ्हाईल? बरोबरच हाय त्याचं. पण आमी परत बसलो एकमेकांची तोंडं बघत.

परवा जेवायला वाढलं, तर माझ्याकडं बघून हे पैल्यांदा सलग चार शब्द बोलले. तीन कळले. मी, जेवण, आन तू. चौथा काय ते कळंना. म्हटलं, परत म्हणा की. लई खटपट केली त्यांनी, कपाळाला घाम आला, पण त्यांचा त्यांनाच सापडंना. त्यांचे डोळे भरले.

म्हटलं, ऱ्हाऊ द्या. तीन तर कळले.