थोरलीची तारीख

(हॉटेलच्या तळघरातली धुलाईची खोली. दुपारचे तीन. मावशी आणि भाची एकेक चादर दोन टोकांना धरून घड्या घालतायत.)

मावशी: ते राहू दे. तुझे बूट फाटक्या चादरींच्या पोत्यात कसे गेले, ते सांग आधी.

भाची: मीच टाकले. कोपरा धर.

मावशी: धरलाय. चांगले धडधाकट बूट, आणि पोत्यात?

भाची: लागणार नाहीत आता. ओढ.

मावशी: का लागणार नाहीत? रविवारी पळालीस ना? छान पळाले म्हणालीस.

भाची: छानच पळाले. पंधराशे मीटर, चार मिनिटं चोवीस सेकंद. सत्तावीसच्या आत हवं होतं.

मावशी: म्हणजे निवड झाली की!

भाची: झाली होती. सोमवारी सर माझा फॉर्म भरायला बसले. जन्मतारखेपाशी थांबले.

मावशी: अगं बाई.

भाची: चादर खाली लागतेय, मावशी. परत धुवावी लागेल.

मावशी: लागू दे. पुढं सांग.

भाची: संघ विशीच्या आतल्या मुलींचा. कागदावर मी एकवीसची. सर म्हणाले, मला तर तू अठराची वाटलीस.

मावशी: अठराचीच आहेस तू.

भाची: हळू बोल.

मावशी: मशीन एवढी खडखडतेय, कोण ऐकतंय इथं?

भाची: त्यांनी विचारलं पण. तारीख चुकलीय का कुठे? चुकली असेल तर दाखला आण, मी दुरुस्त करून घेतो.

मावशी: मग?

भाची: बरोबर आहे म्हटलं.

मावशी: आणि ते?

भाची: त्यांनी फॉर्मवर रेघ मारली. पट्टी घेऊन मारली, सरळ. फार नीटनेटके आहेत सर.

मावशी: रडलीस?

भाची: नाही. बस पकडून इथे आले. उशांचे अभ्रे केले. तूच होतीस की समोर.

मावशी: आणि मला मेलीला काही कळलं नाही.

भाची: कळण्यासारखं काही नव्हतंच. मला काही वाटतच नाहीये, मावशी. खरंच. पायाला मुंग्या येऊन तो झोपला, की चिमटा काढला तरी दुसऱ्याच कुणाचा तरी पाय वाटतो ना, तसं.

मुकादम: काय हो, घड्या घालताय की सभा भरवलीय?

मावशी: दोन्ही चाललंय, मुकादम. हात थांबलेत का बघा.

मुकादम: तिसऱ्या मजल्याच्या चादरी पाचच्या आत वर गेल्या पाहिजेत. आणि तू गं? तोंड का पाडलंयस? एकविसाव्या वर्षी माझ्या मांडीवर दोन पोरं होती, हिला अजून शर्यती सुचतात.

भाची: आता नाही सुचत.

मुकादम: आली म्हणायची अक्कल! चला, हात उचला.

मावशी: गेला एकदाचा. ऐक, मी जाते तुझ्या सरांकडे. उद्याच. सगळं सांगते.

भाची: काय सांगशील?

मावशी: खरं ते. या देशात यायला दोघी बहिणींचे अर्ज केले होते. थोरलीचा मंजूर झाला, तुझा अडकला. आणि कागद हातात यायच्या अकरा दिवस आधी थोरली तापात गेली.

भाची: मग विचारतील, तिच्या कागदावर हिला कुणी आत आणलं?

मावशी: मी आणलं. खिडकीतल्या साहेबानं विचारलं, ही तीच ना? फोटो जुना होता, तुमचे चेहरे सारखे. तुझ्या आईची वाचा बसलेली, तुझा बाप फरशीकडे बघतोय. मी हो म्हटलं. तेरा वर्षांची पोर मागं कुणाच्या दारात ठेवणार होतो आम्ही?

भाची: तुला कोण बोल लावतंय?

मावशी: मीच लावतेय. वर शहाणपणा काय केला, तर वय जास्त लागलंय ते बरंच झालं, लवकर कामाला लागेल म्हटलं. पंधराव्या वर्षी शाळेतून काढून या तळघरात आणलं तुला. तेव्हा किती हुशारी वाटली होती मला त्यात!

भाची: तू खरं सांगितलंस तर एकट्या तुला नाही विचारणार. आई, बाबा, सगळ्यांचे कागद बाहेर काढतील. चौघांनाही परत पाठवतील. नाही जायचंस तू.

मावशी: म्हणजे काहीच करायचं नाही?

भाची: सर म्हणाले, मोठ्यांच्या गटात पळ. तिथे अजून अकरा सेकंद कमी लागतात.

मावशी: अकरा सेकंद! तेवढे तर मला शिंकायला लागतात.

भाची: मला दोन-तीन वर्षं लागतील. तिथल्या मुली पंचविशीतल्या असतात. मावशी, ती तीन वर्षं पुढेच असणार माझ्या. कितीही पळाले तरी.

मावशी: थोरली होय?

भाची: लहानपणी मी हरवायचे तिला. पाण्याच्या टाकीपर्यंत.

मावशी: आठवतंय. चिडायची आणि मग म्हणायची, मी मुद्दाम हळू पळाले.

भाची: आता मी पहिली आले की फळ्यावर तिचं नाव लागतं. घरी आईसुद्धा मला तिच्याच नावानं हाक मारते.

मावशी: बाहेर जीभ घसरू नये म्हणून सवय लावून घेतली गं. आम्ही सगळ्यांनीच.

भाची: माहितेय. तक्रार नाही माझी. पण सरांनी सहज विचारलं, घरी काय म्हणतात तुला? तर मला आठवायलाच वेळ लागला.

मावशी: किती वाजता असतो सराव तुमचा?

भाची: चारला.

मावशी: सव्वातीन झालेत. नीघ.

भाची: आणि या चादरी?

मावशी: एक टोक खुर्चीच्या पाठीला बांधते. तू यायच्या आधी दोन वर्षं एकटीच घालत होते घड्या. मुकादमाला सांगते, भाचीचं पोट बिघडलंय. पोटाचं नाव काढलं की तो पुढचं विचारत नाही.

भाची: जाऊन काय करू? काही वाटत नाहीये म्हटलं ना.

मावशी: तर काही न वाटता पळ. बूट माझ्या कप्प्यात आहेत, पुसून ठेवलेत. जा, धाकटे.

भाची: काय म्हणालीस?

मावशी: बूट कप्प्यात आहेत म्हटलं.

भाची: त्याच्यानंतर.

मावशी: धाकटे म्हटलं.

भाची: पाच वर्षं झाली.

मावशी: हो गं. झाली.

भाची: मशीन चालू आहे अजून. परत एकदा म्हण.