भिंतीपल्याडचं इंजान

दुपारी भोरच्या स्टँडवर उत्रोलीची एसटी लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर दोन म्हातारी माणसं बोलत होती.

"चिमाजी भावजी, काल शिवऱ्याला कंपनीनं शेअरवाल्यांना बोलावलं व्हतं न्हवं? त्यांचं नवं इंजान चालतंय का?"

"चाललं की, सगुणावयनी. चाक फिरत व्हतं. आवाज असा, की ऐकता ऐकता माझं डोळं मिटलं. भाताचा कोंडा उडतोय असंच वाटाय लागलं."

"लोकं तर म्हणत्यात, कंपनी बुडाली. आन् तुमी गिरणी मोडून तिथं पैसं घातलं."

"म्हणून तर बघाय गेलो. तीस वर्सं गिरणी चालवलेली, सवयीनं इंजानावर हात ठेवला. गार. थरथर बी न्हाई."

"गार कसं?"

"सायेब म्हणला, नवीन तंत्र हाय, तापतच न्हाई. बरं म्हणलं, आन् मागं भिंतीला टेकलो. भिंत थरथरत व्हती."

"अगं बया! म्हंजे पल्याड दुसरं इंजान?"

"व्हय. जुनं डिझेलचं. चार ठोके नीट मारतंय, पाचव्याला अडखळतंय."

"तुमच्या गिरणीचं अडखळायचं, तसं?"

"तेच व्हतं, वयनी. म्या भंगारात दिलेलं."

"मग सगळ्यांम्होरं बोलला का न्हाई?"

"बोललो असतो, तर त्यांनी ते बंद केलं असतं."